निवडलेली पाथरी

भाद्रपद लागला की मुरूमच्या बाजारात, किराणा दुकानांच्या ओळीपुढं, एक म्हातारी रिकामं पोतं अंथरून रानभाज्या घेऊन बसते. तरवटा, कुर्डू, तांदुळजा आणि पाऊस नीट झाला असेल तर पाथरी. जुड्या गवताच्या काडीनं बांधलेल्या असतात. मी सून म्हणून या गावात आले त्याला सात वर्षं झाली. शाळेत विज्ञान शिकवते, येताना भाजी घेऊन येते. परवा पाथरीची जुडी हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. म्हातारी म्हणाली, "घ्या की बाई, निवडलेली हाय." निवडलेली होतीच. मुळं काढलेली, पिवळी पानं काढलेली, फूल औषधालाही नाही. दोन जुड्या घेतल्या, घरी येऊन ओट्यावर ठेवल्या, आणि मग चहा केला, कपड्यांच्या घड्या घातल्या, सहावीच्या वह्या तपासल्या. जे करायला हवं होतं ते सोडून सगळं केलं.

करायचं होतं ते एवढंच, की काकूंना, म्हणजे माझ्या कॉलेजच्या सरांच्या पत्नींना, फोन लावायचा होता. आमचे सर उन्हाळ्यात गेले. मला कळलं आषाढात, तेही कॉलेजच्या कुणीतरी मोबाइलवर फोटो टाकला म्हणून. तेव्हापासून काकूंचा पुण्याचा नंबर माझ्याकडं आहे आणि मी रोज उद्यावर ढकलते आहे. वाईट वाटलं हे सगळेच म्हणतात, ते मीही म्हणेन. पण मला त्यांना एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला दहा वर्षं उशीर झालेला आहे. सर होते तोवर माझी समजूत होती की त्यांनी घरी सांगितलीच असणार. आता तशी समजूत करून घेता येत नाही.

परंड्याला मी बी.एस्सी. केलं. तिसऱ्या वर्षाला एक विषय धरायचा असायचा. आम्ही दुसऱ्या वर्षाला सातजण होतो, त्यातल्या सहाजणांनी रसायनशास्त्र धरलं, कारण रसायनवाल्याला कंपनीत काम मिळतं असं सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. वनस्पतिशास्त्राच्या यादीत एकच नाव राहिलं, ते माझं. मी काही फार मोठा विचार करून ठेवलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मक्याच्या खोडाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, त्यात सगळीकडं विखुरलेली माकडांची तोंडं दिसली होती, तेवढं हसू मला तो विषय धरायला पुरलं.

नऊ बाकं होती वर्गात. मी दुसऱ्यावर बसायचे, कारण पहिल्यावर बसलं की सरांच्या खडूची भुकटी अंगावर यायची. सर बरोबर अकराला यायचे, हजेरीपट उघडायचे, चष्मा सारखा करायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "रोल नंबर वन." मी म्हणायचे, "येस सर." मग ते हजेरीपट मिटायचे. पहिल्या दिवशी मला हसू दाबता आलं नाही. सरांनी वर पाहिलंसुद्धा नाही. शिकवताना ते माझ्याकडं एकटीकडं कधी बघत नसत. नऊच्या नऊ बाकांवरून नजर फिरवायचे, मागच्या कोपऱ्याकडं बघून विचारायचे, "समजलं का सगळ्यांना?" आणि मी सगळ्यांच्या वतीनं मान हलवायचे. न समजलेलं सांगायचंही जिवावर यायचं, कारण सगळा वर्ग नापास झाल्यासारखं वाटायचं.

शेजारच्या वर्गात आमचेच सहाजण हसायचे, बाक वाजवायचे, कुणाच्यातरी डब्यातली शेंगाचटणी संपवायचे. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. मधल्या सुट्टीत मी त्यांच्यात जायचे, पण त्यांच्या गप्पा सकाळच्या तासावरच्या असायच्या आणि मी त्या तासाला नसायचे. महिनाभरात मी डबा वर्गातच खायला लागले. गावाकडची एसटी साडेपाचला, तोवर कॉलेजात मी आणि माझा विषय. फुलाचं वर्णन लिहिताना एक शब्द यायचा, 'एकल'. देठावर एकच फूल असलं की तसं लिहायचं. मी विचारलं होतं, बिचारं एकटंच का येतं म्हणून. सर म्हणाले, "बिचारं नाही लिहायचं. ते वर्णन आहे, तक्रार नाही." वहीत मी दोन्ही वाक्यं उतरवून घेतली होती.

विषय बदलायची मुदत ऑगस्टच्या मध्यापर्यंत होती. मी रसायनशास्त्राचा फॉर्म भरून सही घ्यायला गेले, तेव्हा सर वर्गात एकटेच होते आणि ओल्या फडक्यानं बाकं पुसत होते. माझं एकच नाही, नऊच्या नऊ. शिपाई सुट्टीवर होता म्हणे. मला बघून म्हणाले, "आज जरा लवकर आलीस." मी फॉर्म पिशवीत परत घातला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. त्या दिवसापासून माझ्या मनात एक टेंभा होता. मी आहे म्हणून सरांचा वर्ग आहे, मी थांबले म्हणून हा माणूस रिकाम्या खोलीत बसलेला नाही. एकटं वाटलं की मी हे स्वतःला सांगायचे आणि मला बरं वाटायचं.

काकू आल्या त्या आमच्या अण्णांमुळं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वर्गात मी एकटीच आहे हे कळलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "सर लई चांगले हायती," ते म्हणाले, "पर पोरगी एकली अन् मास्तर एकला म्हणल्यावर लोक गप बसायचे न्हाईत." तास दारं उघडी ठेवून व्हायचे, त्याची चिंता नव्हती. मंगळवारी-शुक्रवारी दुपारची प्रॅक्टिकलं प्रयोगशाळेत असायची, ती मागच्या बाजूला. मी हे सरांना कसं सांगितलं ते आठवत नाही, बहुतेक अर्धंच सांगितलं असेल. त्यांनी उरलेलं ओळखलं. पुढच्या मंगळवारी सरांच्या मागोमाग एक बुटक्या, नीटनेटक्या बाई आल्या, हातात कापडी पिशवी. सर म्हणाले, "प्रॅक्टिकलला ह्या बसतील." ओळख तेवढीच.

काकू खिडकीपाशी स्टुलावर बसायच्या आणि वाती वळायच्या. पिशवीतून कापूस काढायचा, सरकी वेगळी करायची, दुधाचं बोट लावायचं, फुलवात तयार. तीन तासांत स्टीलचा डबा भरायचा. मी समोर गाजराच्या खाचेत पान धरून ब्लेडनं काप काढत असायचे, बोटं लाल रंगानं रंगलेली. उरलेलं गाजर काकू घेऊन जायच्या, वाया घालवायचं नाही म्हणून. मी एकदा म्हटलं, "काकू, याला रंग लागलाय." त्या म्हणाल्या, "गाजराला आणखी कुठला रंग लागणार?" सर हसले नाहीत, पण त्यांचा खडू थांबला. अडीच वाजता रस्त्यावरून कुर्डुवाडीची गाडी जायची. काकू वाती बाजूला ठेवून खिडकीतून ती वळणापर्यंत बघायच्या. मला वाटायचं, वाऱ्यासाठी मान बाहेर काढतात.

भाद्रपदात सहल असायची. हर्बेरियमसाठी, म्हणजे झाडं मुळासकट गोळा करून, वाळवून, कागदावर शिवून द्यायची असतात त्यासाठी. इतर वर्षी मोठी गाडी जायची. आमच्या वेळी सर, मी आणि काकू, असे तिघं एसटीनं बार्शीला, तिथून दुसऱ्या एसटीनं येडशीला. सरांनी कॉलेजच्या रीतीप्रमाणं निघताना हजेरी घेतली, स्टँडवर, कंडक्टरच्या देखत. "रोल नंबर वन." मी मान खाली घालून येस सर म्हटलं. काकूंच्या पिशवीत धपाटे, दही आणि लसणाची चटणी होती.

रामलिंगाच्या डोंगराचा तो दिवस अजून माझ्या अंगावर आहे. अभयारण्याच्या अलीकडची शेतं, बांधावर गुडघ्याएवढं गवत, ढग आणि ऊन आलटून पालटून. सर पंचावन्न-छप्पन्नचे असतील, पण त्या दिवशी पोरासारखे बांध ओलांडत होते. खुरप्यानं मूळ कसं सोडवायचं ते त्यांनी मला तेव्हा दाखवलं. आधी भोवतीची माती सैल करायची, मग हलवायचं, ओढायचं नाही. मूळ तुटलं तर नमुना गेला. फूल हवं, फळ हवं, मूळ हवं, तर झाडाची ओळख पूर्ण. दुपारपर्यंत आम्ही पंचवीस-तीस झाडं गोळा केली. माकडं डब्यासाठी मागं लागली होती, म्हणून काकू लिंबाखाली पिशव्या सांभाळत बसल्या आणि आम्ही ओढ्याकडं उतरलो, नेचे बघायला.

तासाभरानं वर आलो तर काकूंच्या पुढ्यात चार जुड्या. पाथरीची एक, कुर्डूची एक, तांदुळज्याच्या दोन, गवताच्या काडीनं बांधलेल्या. एका बाजूला मुळं, देठं, फुलं, बोंडं यांचा ढीग. काकू पदरानं हात पुसत म्हणाल्या, "बसून तरी काय करायचं, म्हणून निवडून टाकली सगळी. निम्मं तण होतं, ते माकडांना दिलं."

मला आधी हसू आलं, मग ढिगाकडं लक्ष गेलं. सकाळपासूनचं सगळं गेलं होतं.  सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. मग माझ्याकडं वळून इंग्रजीत म्हणाले की आपल्याला पुन्हा गोळा करावं लागेल. इंग्रजीत म्हणाले ते काकूंना कळू नये म्हणून. आणि नेमकं त्यामुळंच त्यांना कळलं. खुरपं उचलून सर एकटेच बांधाकडं गेले. मी जाणार होते, पण काकूंनी माझ्याकडं बघितलं, म्हणून थांबले.

"भाजी नव्हती का ती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भाजीच आहे काकू, पण मुळं लागतात. "मुळं कोण खातं?" असं काहीतरी त्या म्हणाल्या. पाथरीची जुडी हातात घेऊन उलटीसुलटी करत बसल्या. मग सरांच्या पाठीकडं बघत, हळू, कुणाचीही तक्रार नसल्यासारखं बोलल्या.

"पाथरी बाळंतिणीला चांगली असते. सुनेच्या आठवणीनं निवडायला घेतली बघ. नातू पाच महिन्यांचा झाला पुण्यात, मी अजून मांडीवर घेतला नाही. ह्यांनी जूनमध्येच नोकरी सोडायचं ठरवलं होतं. अर्ज लिहून कपाटात ठेवलेला आहे. तुझं नाव आलं यादीत, म्हणाले, एक पोरगी आहे, ती काय करंल? मग राहिलो."

मी उभीच होते. माझा फॉर्म अजून माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात होता, चार घड्या घालून. मुदत संपून तीन आठवडे झाले होते. मी सरांसाठी थांबले होते, सर माझ्यासाठी थांबले होते, आणि आम्हा दोघांच्या त्या मोठेपणात ही बाई आठवड्यातून दोनदा स्टुलावर बसून पुण्याच्या वाटेवरची कुर्डुवाडीची गाडी बघत होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी फॉर्मचं सांगितलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. भ्याले होते, दुसरं काही नाही.

परतीच्या गाडीत सर पुढच्या सीटवर झोपले, पायाशी मुळासकटची नवी झाडं. काकू माझ्याशेजारी होत्या. मी त्यांना नाव विचारलं. दोन महिने काकू काकू करत होते आणि नाव माहीत नव्हतं. त्यांनी आधी इकडंतिकडं बघितलं. "माझं? कशाला?" मग खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "सुमन." मला एक जुडी हवी होती, ती त्यांनी आनंदानं दिली. बाकीच्यांची त्यांनी दुसऱ्या दिवशी भाजी केली आणि डब्यातून माझ्यासाठी आणली. सरांनीही खाल्ली असणार.

त्या जुडीतली एक पाथरी मी वर्तमानपत्रात घालून गादीखाली दाबली. मूळ नाही, फूल नाही, नुसता पानांचा झुबका, तोही निवडलेला. हर्बेरियमचा अकरावा कागद. खाली चिठ्ठी असते. कूळ, स्थानिक नाव, ठिकाण, आणि शेवटी गोळा करणाऱ्याचं नाव. तिथं मी माझं नाव लिहिलं आणि त्याखाली सुमन, आणि सरांचं आडनाव. सरांनी सगळे कागद तपासून सह्या केल्या. अकराव्यावर जरा थांबले, पण खोडलं नाही.

पुढचे महिने तसेच गेले. थंडीत प्रयोगशाळेत उन्हाचा एक पट्टा यायचा, काकू स्टूल त्याच्याबरोबर सरकवत न्यायच्या. मी आता अडीच वाजता काप काढणं थांबवायचे आणि त्यांच्यासोबत गाडी बघायचे.  त्या वर्षात मला सगळ्यात कमी एकटं वाटायचं ते त्या दोन मिनिटांत. सर मंगळवारी, शुक्रवारी त्याच आवाजात म्हणायचे, रोल नंबर वन. मी येस सर म्हणायचे. हजेरीपट मिटला जायचा. खिडकीपाशी एक माणूस जून सोडून प्रत्येक प्रॅक्टिकलला हजर होतं, त्याचा पुकारा कुणी केला नाही. मला दरवेळी वाटायचं आज सर म्हणतील, आणि दरवेळी ते चष्मा सारखा करून फळ्याकडं वळायचे.

मार्चमध्ये परीक्षा आली. बाहेरून येणार होत्या त्या परीक्षक मॅडम होत्या, म्हणजे प्रयोगशाळेत बाईमाणूस असणारच होतं, म्हणजे काकूंची गरज नव्हती. आदल्या दिवशी त्या अडीचच्या गाडीनं गेल्या. कुर्डुवाडीहून पुढं रेल्वे. मी स्टँडवर गेले होते. त्यांनी वातींचा डबा माझ्या हातात दिला, म्हणाल्या, "परीक्षेला जाताना देवापुढं एक लाव." गाडी वळणावरून गेली तेव्हा मी पहिल्यांदा ती रस्त्यावरून बघत होते.

परीक्षेच्या दिवशी स्टूल खिडकीपाशीच होतं. कुणी हलवलं नव्हतं. मॅडमनी माझे काप बघितले, ठीक म्हणाल्या, मग हर्बेरियम उघडलं. अकराव्या कागदाशी त्यांचं बोट थांबलं. मूळ कुठं आहे? मी म्हटलं, निवडताना काढलं, मॅडम. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग चिठ्ठी वाचली आणि यादीवर नजर टाकली. इथं तर एकच विद्यार्थिनी दाखवली आहे, त्या म्हणाल्या, ही दुसरी कोण?

मी काही बोलायच्या आत सर उठून उभे राहिले. तोंडी परीक्षा चालू असताना त्यांनी मध्ये बोलायचं नसतं, हे मला त्यांनीच सांगितलेलं होतं.

"त्या आमच्याच आहेत," सर म्हणाले. "आज गैरहजर आहेत."

ते रिकाम्या स्टुलाकडं बघून म्हणाले. मॅडमना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी पान उलटलं. त्या कागदाचे गुण गेले. संध्याकाळी सर प्रयोगशाळेला कुलूप लावत होते, मी निघते म्हटलं, ते बरं म्हणाले. पुढच्या वर्षी यादीत एकही नाव आलं नाही आणि सर पुण्याला गेले.

एवढंच सांगायचं होतं मला काकूंना. की वर्षभर ज्यांचा पुकारा झाला नाही, त्यांची गैरहजेरी त्या माणसानं उभं राहून लावली होती, आणि ते ऐकायला त्या तिथं नव्हत्या.

वह्या तपासून संपल्या तेव्हा मी फोन लावला. आवाज ओळखला त्यांनी. मी सरांचं वाईट झालं म्हणाले, त्या हं म्हणाल्या. मग मी फॉर्मचं सांगितलं आधी, एका दमात, मग परीक्षेचं.  पलीकडून कुणाच्यातरी घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली.

"हे मला कधी बोलले नाहीत बघ," काकू म्हणाल्या. "दहा वर्षं एका घरात होतो आम्ही त्यानंतर. कधी बोलले नाहीत."

मला रडू आलं, त्यांनाही आलं असेल, पण आम्ही दोघींनी ते एकमेकींना ऐकू दिलं नाही. नातवाची आता शाळेतून यायची वेळ झाली म्हणाल्या, दिवसभर घरात कुणी नसतं म्हणाल्या. फॉर्मबद्दल काहीच म्हणाल्या नाहीत. मी दिवाळीच्या सुट्टीत येते म्हटलं.

"पाथरी निघाली का गं तिकडं?" त्यांनी विचारलं.

निघाली, मी म्हटलं. माझ्यासमोर ओट्यावर दोन जुड्या होत्या.

"मग येताना मुळासकट आण. निवडू नको. मी निवडते."